इंग्लंडचा राजा नेमका कधी हरला? १६४९ ला की १६८९ ला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १६४९ मध्ये इंग्रजांनी पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं आणि ११ वर्षांनी त्याच्याच मुलाला मानानं बोलावून गादीवर बसवलं, मग पार्लमेंट जिंकलं असं नेमकं कोणत्या साली म्हणायचं? त्याला तुम्ही एक शेपूट जोडलं आहे की परीक्षा सोडली तर या सगळ्याशी मराठी माणसाचा काय संबंध. शेपटाचं उत्तर शेवटी देतो. संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात नेमानं येतो. अडचण सनावळीची नसते. आपण राजा आणि पार्लमेंट असे दोन पक्ष समोरासमोर उभे करतो आणि शेवटचा घाव कुणी घातला ते शोधायला लागतो. पण त्या काळी पार्लमेंट ही बारमाही चालणारी संस्थाच नव्हती. राजानं बोलावलं की ते भरायचं, त्यानं निरोप दिला की सभासद आपापल्या गावी परत जायचे. म्हणून मी मुलांना प्रश्नच बदलून देतो. पार्लमेंट न बोलावता राजाला किती वर्षं निभावता येत होतं, आणि ते कधी अशक्य झालं?

आधी एक कबुली. उत्तर बरंचसं तुम्ही ‘जिंकणं’ कशाला म्हणता यावर अवलंबून आहे. कायद्यानं राजाच्या वर कोण, एवढंच पाहायचं असेल तर १६८९ चालेल. रोजचा कारभार कुणाच्या हाती, हे पाहायचं तर १८व्या शतकात शिरावं लागेल. सामान्य माणसाचं राज्य म्हणत असाल तर मतदानाची १८३२ ची सुधारणासुद्धा पुरत नाही, कारण बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत १९२८ मध्ये मिळालं. शिवाय इतिहासकारांचे पंथ आहेत. कुणाला यात स्वातंत्र्याची वाटचाल दिसते, कुणाला नव्या वर्गाचा उदय, तर कुणी म्हणतं की १६४० पर्यंत हे युद्ध कुणालाच नको होतं. माझा कल पैशाकडे आहे. तो का, ते सांगतो, आणि तो कुठे अपुरा पडतो तेही.

हा विषय सुरू करताना मी फळ्यावर दोन रकाने पाडतो. डावीकडे राजाला कुणाला न विचारता मिळणारा पैसा: स्वतःच्या जमिनींचा वसूल, सरंजामी हक्क, न्यायालयातले दंड. उजवीकडे विचारूनच मिळणारा पैसा, म्हणजे कर. जुना दंडक असा की शांततेच्या काळात राजानं डाव्या रकान्यावर भागवावं आणि युद्ध आलं तर उजव्यासाठी पार्लमेंट बोलवावं. सरदारांनी राजाकडून लिहून घेतलेल्या १२१५ च्या सनदेचं, मॅग्ना कार्टाचं, नाव सगळ्यांना पाठ असतं, पण सरदारांच्या सल्ल्याशिवाय विशेष वसुली करू नये हे त्यातलं कलम पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीतून गळालं होतं. नव्या करांना राज्याची संमती हवी हे तत्त्व रुजलं ते पहिल्या एडवर्डच्या काळात, १२९७ मध्ये, कारण त्याला एकाच वेळी फ्रान्स आणि स्कॉटलंडशी लढायचं होतं. आठव्या हेन्रीनं मठांच्या जमिनी जप्त केल्या तेव्हा डावा रकाना एकदम फुगला. त्यानं त्या राखल्या असत्या तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता असं मला नेहमी वाटतं. पण त्यानंही युद्धांसाठी त्या विकायला काढल्या, आणि घेणारे कोण, तर ज्यांची मुलं-नातवंडं पुढे कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहात, बसली तेच जमीनदार.

१६०३ मध्ये पहिला जेम्स आला तोवर महागाईनं डावा रकाना पोखरून टाकला होता. १६१० मध्ये एक सौदा जवळजवळ झाला होता: राजानं सरंजामी हक्क सोडायचे आणि बदल्यात वर्षाला २ लाख पौंड कायमचे घ्यायचे. तो फिसकटला. याकडे विद्यार्थी ढुंकूनही पाहत नाहीत, पण माझ्या मते पुढची बरीचशी भांडणं या फिसकटलेल्या सौद्याची आहेत.

आता पहिला चार्ल्स. तो १६२५ मध्ये गादीवर आला. आयात-निर्यातीवरची जकात नव्या राजाला तहहयात मंजूर करायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. कॉमन्सनं या वेळी ती एकाच वर्षापुरती मंजूर केली, आणि तेही विधेयक लॉर्ड्समध्ये, म्हणजे सरदारांच्या सभागृहात, अडकून पडलं. म्हणजे कायद्यानं पाहिलं तर राजाला जकात मिळालीच नाही. त्यानं ती तरीही वसूल केली. मग सक्तीचं कर्ज काढलं, आणि न देणाऱ्यांना कारण न सांगता तुरुंगात टाकलं. त्यातून १६२८ चा हक्कांचा अर्ज निघाला: पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही, कारणाशिवाय कैद नाही, लोकांच्या घरात सैनिक ठेवायचे नाहीत. चार्ल्सनं तो मान्य केला आणि लगेच म्हणाला की जकात यात येत नाही. २ मार्च १६२९ ला त्यानं सभागृह तहकूब करायचा हुकूम धाडला, तेव्हा सभापती उठायला लागला आणि दोन सभासदांनी त्याला खुर्चीत दाबून धरलं. तशा अवस्थेत पार्लमेंटनं मंजूर न केलेली जकात मागणारा आणि भरणारा, दोघेही देशाचे शत्रू, असे ठराव झाले. ठरावांमागचा सर जॉन एलियट पुढे लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेतच वारला.

त्यानंतर ११ वर्षं पार्लमेंट नाही. पाठ्यपुस्तकं इथे ‘जुलमी राजवट’ लिहून पुढे सरकतात. मी इथेच थांबतो, कारण त्या वर्षांत चार्ल्सचं बरं चाललं होतं. फ्रान्स आणि स्पेनशी तह करून त्यानं युद्धाचा खर्च बंद केला. जुने, विस्मरणात गेलेले सरंजामी दंड उकरून काढले. शिवाय ‘शिप मनी’ होताच. संकटकाळी बंदरांनी राजाला जहाजं किंवा त्यांची किंमत द्यावी ही जुनी प्रथा होती. १६३४ मध्ये चार्ल्सनं किनाऱ्यावरच्या परगण्यांकडून ती रक्कम घेतली आणि पुढच्या वर्षी समुद्र न पाहिलेल्या आतल्या परगण्यांकडूनही. वर्षाला साधारण २ लाख पौंड. १६१० च्या सौद्यात जेवढे मिळणार होते तेवढेच, आणि कुणाला न विचारता. बकिंगहॅमशायरच्या जॉन हॅम्पडननं आपल्या वाट्याचे २० शिलिंग द्यायला नकार दिला. त्याला ते परवडत नव्हते अशातला भाग नाही. रक्कम क्षुल्लक होती म्हणूनच खटला तत्त्वाचा झाला. १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूनं गेले, ५ विरुद्ध. राजा जिंकला, पण निकाल इतका निसटता होता की लोक पैसे द्यायला कुरकुर करू लागले.

हे गाडं चालण्याची अट एकच होती: युद्ध होता कामा नये. चार्ल्सनं ती स्वतःच मोडली. १६३७ मध्ये त्यानं स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं, स्कॉटिश उठले, आणि सैन्य उभारायला पैसा नव्हता. एप्रिल १६४० मध्ये बोलावलेलं पार्लमेंट त्यानं तीन आठवड्यांत मोडलं. मग स्कॉटिश सैन्यानं इंग्लंडमधलं न्यूकॅसल घेतलं आणि तह होईपर्यंत दिवसाला ८५० पौंड खर्च मागितला. नोव्हेंबरमध्ये नवं पार्लमेंट बोलावण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, आणि आता ते मोडायचीही सोय नव्हती, कारण ते ८५० पौंड देणार कोण? लाँग पार्लमेंट म्हणतात ते हेच. १६४१ मध्ये त्यानं शिप मनी बेकायदा ठरवला, स्टार चेंबर हे राजाचं खास न्यायालय बंद केलं, तीन वर्षांतून एकदा तरी पार्लमेंट भरलंच पाहिजे असा कायदा केला, आणि आमच्या संमतीशिवाय आम्हाला बरखास्त करता येणार नाही असाही. राजानं या सगळ्यावर सही केली. या सह्या लक्षात ठेवा.

माझी पैशाची किल्ली अपुरी पडते ती इथे. १६४१ च्या उन्हाळ्यात पैशाचा प्रश्न पार्लमेंटच्या बाजूनं सुटत आला होता, तरीही १६४२ मध्ये युद्ध झालं. कारण ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांनी उठाव केला. तो मोडायला सैन्य हवं, आणि ते चार्ल्सच्या हाती द्यायची पुष्कळांना भीती वाटत होती. राणी कॅथलिक, आर्चबिशप लॉडनं चर्चमध्ये आणलेले बदल कॅथलिकांकडे झुकणारे. हा अविश्वास हिशेबाच्या वहीतून समजत नाही. राजाच्या कारभाराविरुद्धचं लांबलचक तक्रारपत्र नोव्हेंबरमध्ये १५९ विरुद्ध १४८ मतांनी संमत झालं. तो आकडा नीट पाहा. जवळजवळ अर्धं कॉमन्स राजाकडे परत सरकलं होतं. ४ जानेवारी १६४२ ला चार्ल्स स्वतः शिपाई घेऊन सभागृहात पाच सभासदांना पकडायला गेला. ते आधीच नदीमार्गे निसटले होते. ही चूक त्यानं केली नसती तर त्या १४८ मध्ये भर पडली असती, असं माझं मत आहे. म्हणून ‘राजा विरुद्ध पार्लमेंट’ असं लिहिताना सांभाळा. त्या युद्धात पार्लमेंटचे सभासद दोन्हीकडे होते.

आता तुमचा १६४९. चार्ल्सला पार्लमेंटनं मारलं असं आपण सर्रास लिहितो. पण युद्ध हरून राजा कैदेत पडल्यावरही ५ डिसेंबर १६४८ ला कॉमन्सनं त्याच्याशी बोलणी चालू ठेवण्याच्या बाजूनं कौल दिला होता. दुसऱ्याच दिवशी कर्नल प्राइड शिपाई घेऊन दारात उभा राहिला, नको असलेल्या सभासदांना त्यानं अडवलं आणि कित्येकांना अटक केली. उरलेल्या मूठभरांनी राजावर खटला चालवण्यासाठी १३५ जणांचं न्यायालय नेमलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी अंग काढून घेतलं आणि मृत्युदंडाच्या हुकुमावर ५९ सह्या झाल्या. ३० जानेवारीला व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउससमोर शिरच्छेद झाला. त्या दिवशी लष्कर जिंकलं होतं. खात्री हवी असेल तर २० एप्रिल १६५३ पाहा. लष्कराचा पुढारी क्रॉमवेल, त्यानं त्या उरल्यासुरल्या पार्लमेंटलाही शिपाई आणून हाकलून दिलं.

करांचा भारही हलका झाला नव्हता. १६४३ पासून रोजच्या मालावर अबकारी बसली होती, आणि १६४९ मध्ये सैन्यासाठीची जमीनपट्टी महिन्याला ९०,००० पौंड ठरली. म्हणजे ज्या शिप मनीवरून एवढं रान उठलं त्याची वर्षाची रक्कम आता अडीच महिन्यांच्या आत वसूल होत होती. वर्गात हा हिशेब मी मुलांनाच करायला लावतो. तो झाला की १६६० चं कोडं अर्धं सुटतं.

उरलेलं अर्धं १६५७ मध्ये सुटतं. त्या वर्षी पार्लमेंटनं क्रॉमवेललाच राजमुकुट देऊ केला. राजा मारणाऱ्यांच्या पुढाऱ्याला राजा व्हा म्हणण्यामागे लाचारी होतीच, पण वकिली शहाणपणही होतं. राजानं काय करावं आणि काय करू नये हे शेकडो वर्षांच्या कायद्यांत बसलेलं होतं. क्रॉमवेलचं ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ हे पद कालपरवाचं, त्याला बांधणार कशानं? क्रॉमवेलनं मुकुट नाकारला, १६५८ मध्ये वारला, त्याच्या मुलाला लष्कर आवरेना. १६६० मध्ये निवडून आलेल्या सभासदांनी दुसऱ्या चार्ल्सला बोलावलं ते बापाला मारल्याच्या पश्चात्तापापोटी नव्हे, तर लष्कराच्या जाचातून सुटण्यासाठी. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या १६४१ च्या सह्या बहुतेक कायम राहिल्या. शिप मनी परत आला नाही, स्टार चेंबर परत आलं नाही. मुलाला गादी मिळाली, पण बापाची १६३० च्या दशकातली हत्यारं मिळाली नाहीत.

त्याला वर्षाला १२ लाख पौंडांचं उत्पन्न ठरवून दिलं. प्रत्यक्षात सुरुवातीची वर्षं तेवढं येईना. म्हणून त्यानं फ्रान्सच्या राजाशी गुप्त करार करून पैसे घेतले आणि १६७२ मध्ये सावकारांची देणी थांबवून कित्येकांना बुडवलं. पण पुढे व्यापार वाढला, जकात फुगली, आणि १६८१ नंतर मरेपर्यंत त्यानं पार्लमेंट बोलावलंच नाही. तीन वर्षांचा कायदा तोवर पातळ करून टाकला होता. ज्यांना १६४९ हा कायमचा विजय वाटतो त्यांना मी हीच चार वर्षं दाखवतो.

१६८५ मध्ये दुसरा जेम्स आला आणि पार्लमेंटनं मोठ्या उत्साहात त्याला भरघोस उत्पन्न तहहयात देऊन टाकलं. शहरात शिकणाऱ्या मुलाला सगळ्या वर्षांचे पैसे एकदम दिले की त्याचे फोन येणं बंद होतं, तसंच झालं. नोव्हेंबरमध्ये कॅथलिक अधिकाऱ्यांवरून खटका उडाला, जेम्सनं पार्लमेंट तहकूब केलं, आणि ते पुन्हा कधी भरलं नाही. त्याच्याजवळ खडं सैन्य होतं, पैसा होता. १६८८ च्या जूनमध्ये त्याला मुलगा झाला, म्हणजे कॅथलिक वारस, तेव्हा सात बड्या मंडळींनी जेम्सच्या जावयाला, हॉलंडच्या विल्यमला, चिठ्ठी पाठवली. तो ५ नोव्हेंबरला फौजेसह उतरला, जेम्स पळाला आणि गादी विल्यमकडे गेली. उत्तरपत्रिकेत याला ‘रक्तहीन क्रांती’ लिहायचा मोह आवरा. लंडनमध्ये परकी डच सैन्य पहाऱ्यावर होतं, आणि आयर्लंडमध्ये याच गादीसाठी १६९० मध्ये बॉइन नदीवर लढाई झाली.

१६८९ च्या हक्कांच्या सनदेत सुंदर कलमं आहेत: पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही, तिच्याशिवाय शांततेत खडं सैन्यही नाही, पार्लमेंट वारंवार भरावं. पण पहिल्या चार्ल्सनंही १६२८ चा कागद मान्य केला होता आणि वर्षभरात दारं बंद केली होती. मग या कागदाचं तसं का झालं नाही? माझं उत्तर सनदेच्या बाहेर आहे. या खेपेला पार्लमेंटनं विल्यमला जकात तहहयात दिली नाही. १६९० मध्ये ती चारच वर्षांसाठी दिली. सैन्याला शिस्तीत ठेवणारा कायदा थोड्या मुदतीचा केला, म्हणजे तो वारंवार नव्यानं मंजूर करून घ्यावा लागे. आणि विल्यमला फ्रान्सशी लढायचं होतं. त्या युद्धाचा वर्षाचा खर्च ५० लाख पौंडांच्या वर गेला. डाव्या रकान्यातून एवढा पैसा निघणं कोणत्याही राजाला शक्य नव्हतं.

मग १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली आणि तिनं सरकारला ८ टक्क्यांनी १२ लाख पौंड दिले. १६७२ मध्ये राजानं बुडवलेले सावकार आता का देतात? कारण व्याजासाठी कोणता कर राखून ठेवायचा हे पार्लमेंट कायद्यानं ठरवू लागलं होतं. राजाची पत संपली होती, पार्लमेंटची होती. १६९८ मध्ये राजाच्या घरखर्चासाठी आणि मुलकी कारभारासाठी वेगळी रक्कम बांधून दिली. युद्ध, सैन्य, कर्ज हे सगळं दर वर्षी सभागृहासमोर. १६८९ पासून एकही वर्ष पार्लमेंटविना गेलेलं नाही. १७०८ मध्ये ॲन राणीनं स्कॉटलंडच्या सैन्याबद्दलचं एक विधेयक नाकारलं, तेही मंत्र्यांच्या सल्ल्यानं. त्यानंतर कुणी राजा-राणीनं मंजुरी नाकारलेली नाही.

तेव्हा परीक्षेत एकच साल लिहा असा हट्ट असेल तर १६८९ लिहा, पण त्याला १६९८ पर्यंतचं दशक जोडा. १६४९ वर फुली मारू नका. राजावर खटला चालू शकतो ही भीती त्यामुळे गादीला कायमची लागली, आणि जेम्स पळाला त्यात तिचाही वाटा असावा. प्रश्न १० गुणांचा असेल तर १६२५ ची एका वर्षाची जकात आणि १६९० ची चार वर्षांची जकात शेजारी मांडा. तपासणाऱ्याला तुम्ही विचार केला आहे हे लगेच दिसेल.

आता मराठी माणसाचा संबंध. १६६१ च्या विवाह-करारात दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीजांकडून मुंबई मिळाली. तिचा खर्च त्याला झेपेना, म्हणून १६६८ मध्ये त्यानं ती वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिली. हा व्यवहार राजाच्या सनदेनं झाला, पार्लमेंटला विचारायचं कारण पडलं नाही. १६८९ नंतर ते दिवस सरले. १६९४ मध्ये कॉमन्सनं ठराव केला की पार्लमेंटचा कायदा आड येत नसेल तर कोणाही इंग्रजाला पूर्वेकडे व्यापाराचा हक्क आहे. १६९८ मध्ये सरकारला २० लाख पौंड कर्ज देणाऱ्या मंडळींना नव्या कंपनीचा परवाना मिळाला. जुनी आणि नवी कंपनी पुढे १७०९ मध्ये एक झाली.

आणि १७७३ मध्ये पार्लमेंटनं रेग्युलेटिंग ॲक्ट करून मुंबईला युद्ध आणि तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या हाताखाली घातलं. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला, साष्टी आणि वसईच्या आशेनं, आणि लढाईही सुरू केली. कलकत्त्याच्या कौन्सिलनं याच कायद्यावर बोट ठेवून तो तह अमान्य केला आणि कर्नल अप्टनला पाठवून सखारामबापू आणि नाना फडणवीस यांच्याशी १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह केला. मुंबईकरांच्या तो पचनी पडला नाही. त्यांनी राघोबादादांना हाताशी ठेवलं, कंपनीच्या लंडनमधल्या डायरेक्टरांचं वजनही सुरतेच्या तहाकडे पडलं, आणि जानेवारी १७७९ मध्ये त्यांची फौज वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडली. तिथली हकिगत वेगळी विचाराल तर सवडीनं लिहीन.